पडद्यावरची कमान

आज घाई नाही. परिच्छेद संपला की एक श्वास घ्या आणि मगच पुढचा वाचा. जायचं आहे बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर, देऊळगाव राजा तालुक्यातल्या खडकपूर्णा धरणावर. जलाशयाचं नाव संत चोखासागर. चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा याच तालुक्यातलं.

पाण्यावर जाण्याआधी मनातल्या मनात एखाद्या जुन्या विहिरीच्या कठड्याशी उभे राहा. हातातला खडा सोडून द्या, भिरकावू नका. आवाज वर यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात मन काय करतं ते पाहा. ते आपोआप गप्प होतं. आवाज आला की दोन गोष्टी एकदम कळतात: किती खाली, आणि कशावर. भरल्या विहिरीचा ‘डुबुक’ निराळा, हातभर पाण्याचा चपका निराळा, आणि एप्रिल-मे महिन्यात दगडावर दगड वाजतो तो तर ऐकवत नाही. मासे शोधायचं सोनार यंत्र, ज्याला सगळे फिश फाइंडर म्हणतात, हेच करतं. त्याचा खडा ध्वनीचाच असतो, आणि एका सेकंदात ते असे कितीतरी खडे सोडतं.

आता तराफ्यावर या. इथल्या भोई-ढिवरांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर असं यंत्र सहसा नसतं. त्यांचं काम डोळ्यांवर, वाऱ्यावर आणि बापजाद्यांनी सांगून ठेवलेल्या जागांवर चालतं. आपण आजच्यापुरतं एक यंत्र बांधून घेऊ: तळहाताएवढा पडदा, एक बॅटरी, एक वायर आणि वायरीच्या टोकाला पाण्यात बुडवलेली डबी. डबीत एक चकती असते. विजेचा झटका बसला की ती थरथरते. उलट, तिच्यावर कंप येऊन आदळला की तीच वीज देते. दाबातून वीज देण्याचा स्फटिकांचा हा गुण जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी तो पाणबुड्या शोधण्यासाठी वापरला. तोंड आणि कान दोन्ही त्या एकाच चकतीचे. म्हणून तिला एक शिस्त पाळावी लागते: बोलायचं, मग थांबायचं. स्वतःचा थरथराट विरेपर्यंत तिला काहीच ऐकू येत नाही.

इथे थोडं रेंगाळा. आज सकाळपासून तुम्ही कोणाशी बोललात, आणि बोलून झाल्यावर किती वेळ तुमच्याच शब्दांचा कंप कानात होता, एवढंच आठवा. उत्तर काढायची गरज नाही.

ध्वनी पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगानं धावतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, ३० अंशांना सुमारे १५०९. म्हणजे पौषातलं चोखासागर आणि वैशाखातलं चोखासागर ध्वनीच्या लेखी एकच पाणी नव्हे. तराफ्याखाली आठ मीटर खोली आहे असं धरा. जाऊन परत यायचं अंतर सोळा मीटर, लागणारा वेळ सेकंदाचा साधारण नव्वदावा भाग. या मधल्या क्षणात यंत्र गप्प असतं, आणि त्याचं सगळं ज्ञान याच गप्प राहण्यातून येतं. ज्या संताला देवळाच्या दाराबाहेरून हाक घालावी लागली, त्याच्या नावाच्या पाण्यात हाक टाकून वाट पाहायची, हा योगायोग आहे. तो मी ताणणार नाही, पण नजरेआडही करवत नाही.

आता पडद्याकडे पाहा. खालच्या बाजूला एक जाड पट्टा सरकतो आहे, तो तळ. सगळं चित्र उजवीकडून डावीकडे चाललं आहे. नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं, हा पाण्याचा उभा काप आहे, डावीकडे जे आहे ते डाव्या बाजूच्या पाण्यात आहे. तसं नसतं. ‘आत्ता’ म्हणजे उजव्या कडेची केसाएवढी एकच रेघ. डावीकडचं सगळं होऊन गेलेलं आहे. तराफा जागीच उभा असला तरी चित्र सरकतच राहतं, आणि खाली एखादा मासा निवांत थांबला असेल तर पडद्यावर लांबच लांब रेघ उमटते. पाहणारा म्हणतो, केवढा मोठा! तो मोठा नसतो, थांबलेला असतो.

एक श्वास. त्या उजव्या कडेवर नजर ठेवून पाहा. ती तिथे टिकत नाही, डावीकडे घसरते, कारण रंग आणि आकार तिकडे आहेत. परत आणा. पुन्हा घसरेल, पुन्हा आणा.

मग कधीतरी कमान उमटते. दोन्ही टोकं खाली, मध्य वर, उलट्या धनुष्यासारखी. डबीतून निघणारा ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरतो. मासा शंकूच्या कडेला असतो तेव्हा तिरपं अंतर जास्त, बरोबर खाली आला की कमी, पलीकडे निघाला की पुन्हा जास्त. म्हणून कमान. २० अंशांचा शंकू धरला तर आठ मीटरवर कडेचं आणि मध्याचं अंतर यांत फरक पडतो जेमतेम बारा सेंटिमीटरचा. ज्या कमानीवर एवढा जीव टाकायचा, तिची खरी उंची वीतभरही नाही! कमानीची लांबी मासा किती वेळ शंकूत राहिला ते सांगते, जाडी सांगते प्रतिध्वनी किती जोरात आला. माशाचं वजन यातलं काहीच थेट सांगत नाही.

आणि तो शंकू तरी किती रुंद? आठ मीटरवर पावणेतीन-तीन मीटर. काठाजवळ तीन मीटर खोलीवर फक्त एक मीटर. पसरलेल्या जलाशयात आपण एका वेळी बैलगाडीच्या चाकाएवढं, फार तर एखाद्या खोलीएवढं पाणी ऐकतो आहोत. रिकामा पडदा पाहून ‘धरणात मासाच नाही’ म्हणणाऱ्यानं हे माप ध्यानात ठेवावं.

आता मननातला सगळ्यात खोल भाग, इथे सावकाश चला. माशाचं मांस पाण्यासारखंच असतं, ध्वनी त्यातून जवळजवळ न अडखळता जातो. मग परत काय येतं? माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या जोरावर तो पाण्यात ना बुडत ना तरंगत, हव्या त्या थरात राहतो. ध्वनी अडतो तो तिथे. अशी पिशवी असलेल्या माशाकडून परतणाऱ्या ध्वनीचा बहुतांश, नव्वद टक्क्यांच्या आसपास, त्या पिशवीकडून येतो. पडद्यावर आपण मासा म्हणून जे पाहतो, ती त्याच्या आतली पोकळी असते. समुद्रातल्या मुशीला अशी पिशवी नसते. एवढा मोठा मासा, पण यंत्राला फिका दिसतो.

किनाऱ्यावर घोळ माशाच्या या पिशवीला बोत म्हणतात, आणि तिच्यापायी घोळीला सोन्याचा भाव येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका होडीला मिळालेल्या घोळींचा लिलाव १ कोटी ३३ लाख रुपयांना गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. तो भाव मांसाचा कमी आणि पोकळीचा जास्त होता.

आपल्या गोड्या पाण्यात वेगळी गंमत आहे. रोहू, कटला, मृगळ ज्या मोठ्या गणगोतातले आहेत, त्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी हाडांची एक लहानशी साखळी असते. बाहेरचा आवाज पिशवीला हलवतो, पिशवी हाडांना, हाडं कानाला. म्हणजे ज्या पोकळीमुळे यंत्राला मासा सापडतो, त्याच पोकळीनं तो मासा ऐकतो. यंत्राचा ध्वनी साधारण ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा, तो त्याच्या ऐकण्याच्या पलीकडचा. पण तराफ्यावर आपटलेलं वल्हं त्याला पोचतं, खोकला आणि मोबाइलवरचं गाणंही पोचू शकतं. यंत्राकडे टक लावून बसलेला माणूस पायाखाली किती खडखडाट करतो, याचा हिशेब तळाशी कोणीतरी ठेवत असतं.

थांबा. तराफा हलू न देता बसून पाहा.

मत्स्यबीज सोडणाऱ्या प्रत्येक संस्थेला एक साधं सूत्र माहीत असतं: कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणूनच तिघांची बोटुकली एकत्र सोडतात, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. आता हेच सूत्र पडद्यावर ठेवून पाहा. वरचा थर डबीच्या स्वतःच्या थरथराटानं गढूळ, शिवाय तिथे शंकू अगदी अरुंद आणि तराफ्याची चाहूल अगदी जवळ. कटला निसटला. तळाला चिकटून चरणारा मृगळ तळाच्या जाड पट्ट्यात मिसळून जातो. उरला मधला रोहू, त्याचीच कमान स्वच्छ दिसते. आणि मरळ? ती उथळात, शेवाळ-गवतात राहते, तिथे यंत्र नुसता केरकचरा दाखवतं. पण मरळीला हवेतला श्वास घ्यायला मधून मधून वर यावंच लागतं. ती वर येते, पाणी हलतं, आणि काठावर बसलेल्या पोराला जे कळतं ते पडद्याला कळत नाही.

यंत्राचा जन्मही काहीसा अशाच निरखण्यातून झाला. नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मच्छीमारांच्या कामाला येईल असा पहिला फिश फाइंडर बाजारात आणला. जिथे मासे असतात तिथे बुडबुडे येतात, असं एका जुन्या जाणत्या मच्छीमारानं म्हटलं आणि तिथून विचार सुरू झाला, अशी कथा ती कंपनीच सांगते. त्याआधी, १९३५ मध्ये, नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या समुद्रातले कॉड माशांचे थवे प्रतिध्वनीच्या कागदावर दाखवले होते. त्यांनी ते मोजण्या-समजण्यासाठी केलं. पकडण्यासाठी वापरही त्याच सुमारास सुरू झाला.

तळाच्या पट्ट्याकडे परत या. त्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही, मला मात्र पडद्यावरचा सगळ्यात वाचनीय भाग तोच वाटतो. मुरूम, खडक असला की पट्टा ठसठशीत उमटतो आणि कधी कधी दुप्पट खोलीवर त्याची पुसट सावलीही येते, कारण ध्वनी तळ, पाण्याचा पृष्ठभाग, पुन्हा तळ अशी दुसरी खेप करून आलेला असतो. मऊ गाळावर तो ओसरता, पुसट होतो. बुडालेलं शेत, शेताचा बांध, तोडून राहिलेलं बाभळीचं खोड, नदीचं मूळ पात्र, सगळं उंचसखल होऊन येतं. मासे अशाच कडांना धरून राहतात. सपाट गाळावर त्यांना ना आडोसा ना चारा. धरणात गाळ किती साचला हे मोजायलाही असाच ध्वनी होडीला बांधून फिरवतात.

गाळ हा या जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा विषय आहे. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेनं इथे तलाव-नाल्यांतला गाळ काढायची ‘सुजलाम सुफलाम’ मोहीम सुरू केली. महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती तलाव-नाल्यांतून उचलायची आणि त्या खड्ड्यांत पाणी साठू द्यायचं, या रीतीला तर ‘बुलढाणा पॅटर्न’ असंच नाव पडलं. अशा एखाद्या तलावावरून यंत्र फिरवलं तर पोकलेननं कापलेल्या सरळ कडा दिसतील. तिथे आता मासा थांबतो का, हे पाहायला मला आवडेल.

आता एक बटण. बहुतेक यंत्रांत संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. ती पूर्ण वाढवा. पडदा ठिपक्यांनी भरून जातो: तरंगता पालापाचोळा, बुडबुडे, बारीक जीव, दोन थरांतल्या उष्णतेचा फरक, शेजारून गेलेल्या होडीचा फेस. पूर्ण कमी करा. स्वच्छ पाणी, एक तळ, आणि एकही मासा नाही. दोन्ही चित्रं त्याच पाण्याची आहेत. जाणकार माणूस ती थोडी वाढवून, किंचित ठिपके येऊ देऊन ठेवतो. गोंधळ अजिबात नको म्हणणाऱ्याला रोहूही मिळत नाही. आज या बटणावर बोट ठेवून मनाकडेही पाहून घ्या: सध्या कुठे ठेवलं आहे? बदलू नका, फक्त पाहा.

आणखी एक सोय असते, तिच्याबद्दल माझं मत कडवट आहे. यंत्र प्रतिध्वनीचा स्वतःच अर्थ लावून पडद्यावर माशांची गोड चित्रं काढतं, मोठा मासा, मध्यम मासा, छोटा मासा. बुडालेल्या फांदीचाही मासा होतो, बुडबुड्यांचाही. गिऱ्हाईक खूश. ती सोय बंद करा आणि कच्च्या कमानी पाहायला शिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भल्या भल्या नाविकांनाही असाच चकवा बसला होता. हजारो मीटर खोल समुद्रात खोलीमापकावर काहीशे मीटरवरच ‘तळ’ उमटू लागला, आणि तो तळ सूर्य मावळला की वर चढे, उजाडलं की खाली उतरे. असंख्य लहान जीवांचा तो थर होता. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन यांनी कॅलिफोर्नियाच्या समुद्रात रात्रंदिवस मोजून त्याची ये-जा दाखवून दिली. तळ चालू लागला, तेव्हा कुठे लोकांनी तळ या कल्पनेकडे नीट पाहिलं.

आता मनानंच पूर्वेकडे, लोणारला. तिथे तराफा घालायचा नाही, ते अभयारण्य आहे, आणि नोव्हेंबर २०२० पासून रामसर पाणथळही. कडेवरून उतरून कमळजादेवीच्या देवळाच्या बाजूला उभे राहा आणि कल्पनेतच ध्वनी सोडा. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. आतलं पाणी खारं आणि इतकं अल्कधर्मी की रोहू-कटल्यानं तिथे संसार थाटावा असं ते नाही. पडद्यावर तळ येईल, वर बहुधा काही नाही. आणि तरी हे पाणी गच्च जिवंत आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि मीठ मानवणाऱ्या, रंगद्रव्य बाळगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. त्यांच्यावरून आपला ध्वनी निघून जातो. त्याची लाट काही मिलिमीटरांपासून तीन सेंटिमीटरांपर्यंतची, ते जीव तिच्यापुढे नगण्य. रिकाम्या पडद्यासमोर जरा जास्त वेळ बसा.

मग एक अवघड गोष्ट, जी या जिल्ह्यात बसून टाळणं मला बरोबर वाटत नाही. हाच ध्वनी, याच तत्त्वानं, पण कितीतरी वरच्या कंपनसंख्येवर, दवाखान्यात वापरतात. सोनोग्राफीच्या पडद्यावरही एक पोकळी आणि तिच्यातलं हलतं काहीतरी दिसतं. त्या पडद्याचं वाचन कुठे नेऊ शकतं हे महाराष्ट्रानं आधी ओळखलं. गर्भलिंगनिदान रोखणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये इथे झाला, १९९४ मध्ये केंद्राचा. तरी २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ’साठी देशातले मुलींचं प्रमाण घसरलेले पहिले शंभर जिल्हे निवडले, त्यांत बुलढाणा होता. यंत्रानं दाखवलेलं काही मुद्दाम न सांगण्याचा कायदा करावा लागतो, असं हे ज्ञान आहे. माशांच्या बाबतीतही प्रश्न येऊ लागले आहेत. पुढच्या पाण्यातला मासा चालताना दाखवणारी नवी सोनार यंत्रं आली, तेव्हा अमेरिकेतल्या गळाच्या स्पर्धांना त्यांच्यावर मर्यादा घालाव्या लागल्या. दोन्हींचं वजन सारखं नाही, हे उघड आहे. तरी दोन्ही पडदे मनात एकदा शेजारी ठेवून पाहा, आणि मग उचलून घ्या.

श्वास घ्या. डबी पाण्यातून वर काढा, वायर गुंडाळा. पडदा विझला तरी डोळ्यांपुढे काही क्षण सरकत राहील, राहू द्या.

तराफा काठाला लागेल तेव्हा तिथे कोणीतरी जाळं झटकत उभं असेल. विचारेल, “काय दिसलं मंग?” कमानी, शंकू, किलोहर्ट्झ हे सगळं बाजूला ठेवून सांगा: तळ आठ मीटर, गाळ मऊ, जुन्या बांधाच्या कडेला पाच मीटरवर काहीतरी होतं, बहुधा रोहू. तो मान हलवेल. “असंन. पण कटला पाहाचा असंन त भिंतीच्या अंगाला पाहा. काल सांजच्यानं तिथंच उसळत होता.”